पश्चिमेची भिंत

कोल्हापूर
२ जुलै २०२५

भाई,

सलाम. बेगमभाभीलाही सांग.

फोन तू उचलत नाहीस. तोहिदच्या मोबाइलवरून केला, तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तेव्हा खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडं दोनदा बघितलं. हल्ली पत्र कोण लिहितं, असं त्यांना वाटलं असेल. ज्यांचे भाऊ फोन उचलत नाहीत त्या लिहितात, असं सांगणार होते, पण मागं रांग होती.

काम एवढंच आहे. पश्चिमेची भिंत एकदा बघून जा. दोन वर्षांपूर्वी तिला आतून थर्माकोल आणि वरून पांढरे बोर्ड लावून घेतले, आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, हे तू बघितलंयसच. हौस म्हणून केलं नव्हतं. तोहिद कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फौंड्रीत तिसऱ्या पाळीला जातो. रात्रभर भट्टीसमोर उभं राहायचं आणि दिवसा घरी येऊन झोपायचं, तर दुपारी ती भिंत दुसरी भट्टी. एप्रिलमध्ये हात टेकवला तर चटका बसायचा. नवरा माझा ओला टॉवेल छातीवर टाकून पडायचा आणि तासाभरात उठून बसायचा. बोर्ड लावल्यावर पहिला उन्हाळा तो मेल्यासारखा झोपला. हे खोटं कशाला सांगू?

पण आता भिंतीला वास येतो. बोर्डाच्या कडेनं काळं धरलंय. यशराज नावाच्या ठेकेदारानं काम केलं होतं, त्यानं कुठंतरी घाण करून ठेवलीय. आफशीनला थोडा खोकला आहे. पावसाळ्यात पोरांना होतोच.

ती भिंत आजोबांनी रचली आणि अब्बांनी आयुष्यभर राखली. तिचा दगड न् दगड तुला माहीत आहे. मी काही भाऊ म्हणून बोलावत नाही, कारागीर म्हणून बोलावतेय. सोमवारी ये किंवा मंगळवारी ये. शुक्रवारी नको, तोहिदला त्या दिवशी सुट्टी असते, त्याला झोपू दे.

नुजहत


११ जुलै

भाई,

काल बेगमभाभीचा फोन आला. काजूच्या कारखान्यातून केला होता, मागं बायकांचा कलकलाट ऐकू येत होता. म्हणाली, तू पत्र वाचलंस. दोनदा वाचलंस, घडी घातलीस आणि पत्र्याच्या डब्याखाली ठेवून कामावर गेलास. बोलला काहीच नाहीस. तुझी ही सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे. रागावलास की तू मुका होतोस आणि मी बोलत सुटते. अब्बा म्हणायचे, दोघांना एका पिशवीत घालून हलवलं असतं तर दोन शहाणी माणसं निघाली असती.

मागच्या पत्रात 'थोडा खोकला' असं लिहिलं होतं. थोडा नाही. आफशीनला जूनपासून दोन वेळा दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी वाफेचं मशीन आणलंय, ते दिवसातून चार वेळा लावते. नऊ वर्षांची पोर, धावायची सोडून श्वास मोजत बसते. परवा मला म्हणाली, अम्मी, मी आता बावीसपर्यंत जाते. म्हटलं, कशाचे बावीस? तर न थांबता बावीस पावलं.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच वेळी विचारलं होतं, घरात ओल आहे का. मी नाही म्हणाले. दुसऱ्या वेळी विचारलं तेव्हा म्हणाले, थोडी. सगळं थोडंच सांगायची मला सवय लागलीय.

तिथून येऊन पलंगामागचा एक बोर्ड मी स्वतः उचकटला. मागचा थर्माकोल हातात आला तो पाणी गळत. त्याच्या मागं भिंत काळी, शेवाळी, आणि बोट लावलं तर चुना चिखलासारखा निघून येतो. वास असा, की मला बाहेर जाऊन ओकावं लागलं. आणि अशा भिंतीला टेकून माझी पोर दोन वर्षं झोपत होती. पलंग तिथं मीच लावला होता. थंड जागा म्हणून.

आणखी एक. भिंतीनं पोट काढलंय. मधोमध, कंबरेएवढ्या उंचीवर. मी गवंड्याची मुलगी आहे, मला कळतं पोट काढलं म्हणजे काय.

यशराजला बोलावलं. तो म्हणतो, वरून केमिकलचा आणखी एक हात मारू. एक इंजिनिअर आणला, तो म्हणतो, भिंत पाडा, पण भिंत पाडायची तर छप्पर उतरवावं लागेल, आणि ते दिवाळीनंतर. तोवर कुठं जायचं? आफशीनला चार दिवस कबनूरला नणंदेकडं नेऊन ठेवलं. तिथं चोवीस तास माग चालू, हवेत सुताची कुसं. तिथून तिला ॲम्ब्युलन्समधून परत आणली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

तू जाताना कोनाड्यातला अब्बांचा ओळंबा नेलास, तो कोनाडा मी अजून मोकळाच ठेवलाय. अब्बांचं म्हणणं तुला आठवतं का? गवंडी परक्याच्या घरात रात्र काढेल, पण आपलं हत्यार तिथं ठेवून जाणार नाही. एकदा थापी राहिली म्हणून शेवटच्या एसटीनं गारगोटीला परत गेले होते. तू ओळंबा खिशात घातलास तेव्हाच मला समजलं, हे घर तुला परकं झालं.

मला परकी समज. घराला समजू नकोस. ये.

नुजहत


१९ जुलै
दवाखान्यातून

भाई,

आफशीन आत आहे, काचेपलीकडं. तोंडावर मास्क आहे. मला दिवसातून दोनदाच आत सोडतात. बाकीचा वेळ इथं बाकावर. तोहिद पाळी करून थेट इथं येतो आणि बसल्याबसल्या झोपतो. ज्याच्या झोपेसाठी एवढं सगळं केलं त्याला आता लोखंडी बाकावर झोप लागते.

डॉक्टरीणबाई आज स्पष्ट बोलल्या. हा अटॅक निभावला तरी पोरीला त्या खोलीत नेलं तर पुढचा निभावेलच असं मी सांगणार नाही. भिंत कोरडी करा, नाहीतर घर सोडा. मी म्हटलं, भिंत कोरडी करणारा माणूस आहे. त्या म्हणाल्या, मग बोलवा की. मी बाकावर येऊन कागद काढला.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं उघडलंय, तर सगळंच सांगते.

यशराजचा दोष नाही. दोन्ही पत्रांत मी त्याचं नाव पुढं केलं, ते खोटं आहे. भिंतीच्या पायथ्याशी बाहेरच्या अंगाला विटेएवढी चार भोकं होती आणि आत वर वाशांखाली तीन. यशराजनं मला विचारलं होतं, ताई, ही मुद्दाम ठेवलेली दिसतायत, सोडून गिलावा करू का? तो परका माणूस, त्याला शंका आली. मी म्हटलं, बुजवा. सगळी बुजवा. मुंगी जाईल एवढी फट ठेवू नका.

हे मी कधी म्हटलं ठाऊक आहे? तू येऊन गेलास त्याच दुपारी. तू आजऱ्याहून न सांगता आला होतास. दारातच उभा राहिलास. थर्माकोलचे तक्ते बघितलेस. चप्पलसुद्धा काढली नाहीस. एक वाक्य बोललास, आणि मी चार परक्या कामगारांसमोर तुला म्हटलं, "ह्या घरात तुझा काय संबंध? बाप मरताना कुठं होतास? भायेर हो." तू आत आलास, ओळंबा घेतलास आणि गेलास. तू कोपऱ्यावर वळायच्या आत मी ती भोकं बुजवायला लावली. तुझ्यावरच्या रागानं. भिंतीशी माझं काय वाकडं होतं?

तुझ्या एका वाक्यानं मला एवढं का लागलं, ते आज विचारू नकोस. ते लिहायला माझा हात होत नाही.

पोरीचा काय गुन्हा आहे, भाई? ती झाली तेव्हा तिच्या कानात अजान तू दिलीस. तू तिचा मामू आहेस. तुझ्या पायाशी ये म्हण, येते. गल्लीत सगळ्यांसमोर माफी माग म्हण, मागते. पण आता ये. आज निघ. मला दुसरं कोणी नाही आणि तुझ्याएवढा निर्दयीही दुसरा कोणी नाही.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे. रागानं लिहिलंय, पण मीच लिहिलंय.

नुजहत


२४ जुलै

भाई,

आफशीन अजून आतच आहे. मास्क काढलाय, नाकाला नळी आहे. काल पाणी मागितलं.

आज कपडे न्यायला घरी आले होते, तर तानाबाई दारात बसलेली. अब्बांच्या हाताखाली चुना मळायला होती ती तानाबाई. आता काठी घेऊन चालते, पण जीभ तशीच आहे. पोरगी आजारी आहे हे कळल्यावर आली. मी तिला आत नेऊन भिंत दाखवली. तिनं पोटावर हात ठेवला, बोटाच्या गाठीनं चार ठिकाणी वाजवून बघितलं, मग खाली वाकून शोधत बसली. आणि म्हणाली, "उसासं कुणी कोंडलं गं?"

मी म्हटलं, काय म्हणालीस?

"उसासं गं. ही भोकं. तुझा बा त्यास्नी उसासं म्हणायचा. दगडाच्या भितीला बी सुस्कारा टाकाय जागा लागती म्हणायचा. खालनं गार हवा आत शिरती, वरनं ओल भायेर पडती. दर मृगाच्या आधी तो आनी अल्लाउद्दीन तार घालून मोकळं करत न्हवतं का?"

करत होते. मला आठवलं. मे सरताना तुम्ही दोघं तारा घेऊन भिंतीशी बसायचात. मला वाटायचं उंदरांची बिळं साफ करताय. मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. घरातलं काम माझं आणि भिंतीचं काम तुमचं, असं वाटून घेतलेलं होतं.

भाई, आता जे लिहितेय ते मी तीन वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. तोहिदलाही नाही.

अब्बा गेले तेव्हा तू कसाबसा मातीला पोचलास. कब्रस्तानातून येताना मला बाजूला घेऊन विचारलंस, माझ्यासाठी काही बोलले का? मी म्हटलं, न्हाय. तुझं नाव पण न्हाय घेतलं.

घेतलं होतं. शेवटचं जे काही बोलले ते तुझ्याचसाठी होतं. मी पाणी पाजत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "अल्लाउद्दीनला सांग, उसासं कोंडू नगंस." मग पुन्हा बोलले नाहीत.

मला वाटलं, ते तुला सांगतायत की मी गेल्यावर रडून घे, दुःख मनात कोंडू नकोस. दोन वर्षं त्यांचं हगणंमुतणं मी काढलं. कुशी बदलल्या, भरवलं, रात्री जागवल्या. आणि जाताना माया गेली कोणाला, तर आजऱ्यात बसलेल्या लेकाला. मी समोर होते, भाई. मला एक शब्द नाही. मी तो शब्द गिळून टाकला. ठरवलं की तुला तो द्यायचा नाही.

वर्षानं तू दारात उभा राहिलास, तक्त्यांकडं बघितलंस आणि म्हणालास, "उसासं कोंडू नगंस, नुजहत."

तोच शब्द. वाटलं, तुला कुठून तरी कळलंय आणि तू चारचौघांत मला टोमणा मारतोयस, तू चोर आहेस म्हणून. चोराच्या मनात चांदणं. म्हणून तसं ओरडले. तू भिंतीचं सांगत होतास. अब्बाही भिंतीचंच सांगत होते. तो जूनचा पहिला आठवडा होता, मृग तोंडावर आला होता आणि तू घरी नव्हतास. एवढंच होतं. दर वर्षीचं काम राहिलंय, ते कर, एवढंच सांगून ते गेले.

त्या एवढ्याशा निरोपाचा मी घास केला, आणि तो आता माझ्या पोरीच्या घशात अडकलाय.

मी स्वतः उघडायचा प्रयत्न केला. तोहिदच्या पान्यानं बाहेरचं सिमेंट ठोकत बसले. नेमकी जागा सापडत नाही. भलतीकडं टवके उडाले आणि वरून माती घळघळली. तानाबाई ओरडली, "थांब, पोट फुटंल! त्यो आल्याबिगर हात लावू नगंस." तुझ्याशिवाय दुसरा कोणी ह्या भिंतीला शिवला तर ती आमच्या अंगावर येईल.

निरोप आज पोचवला. तीन वर्षं उशीर झाला. आता तुला यायचं तर ये, नाहीतर नको येऊ. मी आणखी काही मागणार नाही. मागायचा हक्कच मी ठेवला नाही.

घराची किल्ली तानाबाईकडं आहे.

नुजहत


५ ऑगस्ट

भाई,

आज आफशीनला घेऊन आले. खोलीत नाही अजून, पुढच्या सोप्यात. डॉक्टरीणबाईंनी भिंत पूर्ण सुकेपर्यंत आत न्यायचं नाही असं सांगितलंय. सोप्यात सुद्धा आज पहिल्यांदा तो वास नाही.

दारात पाऊल टाकलं आणि कळलं. हाताला आले तेवढे सगळे बोर्ड उतरवून अंगणात चवड लावलेली. सडका थर्माकोल पोत्यांत भरून, तोंडं बांधून. पोटाला बाहेरून दोन वासे तिरके टेकवलेले. पायथ्याशी चार भोकं, आत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. कडा चुन्यानं बांधून घेतलेल्या, तारेची जाळी बसवलेली. वर वाशांखाली दोन. मी तिथं हात धरून उभी राहिले. वारा लागत होता.

तानाबाई म्हणाली, तू तीन दिवस होतास. मशिदीशेजारच्या हॉटेलात जेवलास. ती भाकरी घेऊन आली तर घेतली नाहीस, म्हणालास, हितलं काम झाल्याबिगर हितलं खाणार न्हाय. पोरीची विचारपूस तिच्याकडं रोज करायचास. दवाखाना दहा मिनिटांवर आहे, भाई. आला असतास तर मी काही खाल्लं नसतं तुला.

मी तिला विचारलं, माझ्याबद्दल काही बोलला का? माझेच शब्द मला ऐकू आले. तीन वर्षांपूर्वी तू मला हेच विचारलं होतंस. तानाबाई सरळ बाई आहे, तिला खोटं बोलायचं कारण नव्हतं. म्हणाली, "न्हाय गं. तुझं नाव न्हाय घेतलं."

बरं झालं. मला तेवढं मिळायलाच हवं होतं.

सातवा उसासा तू उघडला नाहीस. तो लोखंडी कपाटामागं आहे. कपाट एकट्याला हलत नाही हे मला माहीत आहे. कपाटाच्या बाजूला भिंतीवर कोळशानं तू फुली मारलीयस. संध्याकाळी तोहिदला उठवलं, दोघांनी मिळून कपाट सरकवलं, मागचा बोर्ड काढला. स्टुलावर चढून, फुलीच्या रेषेत मी ठोकायला लागले. तो म्हणाला, दे इकडं. मी दिलं नाही. आधी सिमेंट निघालं, मग चिंधी निघाली. माझीच जुनी ओढणी, यशराजच्या माणसांना बोळा करायला मीच दिली होती. ती ओढून काढली आणि आतून गार, मातीच्या वासाची हवा तोंडावर आली. अब्बांच्या सदऱ्याला यायचा तसा वास. मग मी उतरून कपाटाला टेकून बसले आणि रडले. अब्बा गेले तेव्हा मी रडले नव्हते, हे तुला माहीत नसेल. रागातच होते. आफशीन सोप्यातून हाका मारत होती, अम्मी काय झालं. ती धावत आली. धावत, भाई. मागाहून लक्षात आलं.

अब्बा तेव्हा भिंतीचंच बोलत होते हे मी मागच्या पत्रात खात्रीनं लिहिलं. आज तेवढी खात्री वाटत नाही.

ठोकायला हत्यार शोधत होते तेव्हा कोनाड्यात हात गेला. तिथं तुझी छन्नी होती. दांड्यावर सुतळी गुंडाळलेली, अब्बांच्या हातची. तानाबाई म्हणते, घाईत एसटी पकडायची होती, विसरला असंल, पार्सल करून टाक. पोस्टातल्या त्या बाईंना आनंद होईल.

तू कधी हत्यार विसरला नाहीस. मी पाठवणार नाही. पुसून पुन्हा कोनाड्यात ठेवलीय.

नुजहत